लेकरांचं खेळणं, मोबाइल आणि झोप: मराठवाड्यातल्या आई-बापांचे नेहमीचे प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या लेकरांबद्दलचे हे प्रश्न आहेत. बीड, लातूर, परभणी, नांदेडकडच्या घरांत ते जसे विचारले जातात, तसेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखं जास्त होतं.

या वयात किती खेळणं, किती मोबाइल आणि किती झोप योग्य?

जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी त्यात असं सांगितलं आहे: दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं अंगाची हालचाल आणि त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी. बसून स्क्रीन बघणं जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर बरंच. झोप १० ते १३ तास, दुपारची डुलकी त्यातच धरायची. शिवाय लेकराला एका जागी, म्हणजे गाडीत, खुर्चीत किंवा कडेवर, सलग तासाभरापेक्षा जास्त अडकवून ठेवायचं नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी तासाभराचीच मर्यादा सांगते, आणि तीही मोठं माणूस सोबत असताना. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच.

१८० मिनिटं ऐकून घाबरू नका. हे कवायतीचे तास नाहीत. आजीमागं शेतापर्यंत चालत जाणं, शेरडाच्या पिल्लामागं पळणं, ओसरीच्या पायऱ्या चढणं-उतरणं, पाण्याचा तांब्या सांडत-सांडत आणणं, हे सगळं त्यात मोजलं जातं. मोकळं सोडलेलं लेकरू एवढी हालचाल बहुधा आपल्या आपण करतं. आपण त्याला किती वेळ मोकळं सोडतो, हा खरा प्रश्न आहे.

तिन्ही गोष्टी एकत्र का बघायच्या? मोबाइल कमी केला की झालं ना?

दिवसाचे तास चोवीसच. एका गोष्टीला वेळ वाढला की तो दुसरीतून कापला जातो. संध्याकाळी सहा ते आठ लेकरू कार्टूनपुढं बसलं, तर अंगणातला खेळ गेला. अंग दमलं नाही, म्हणून नऊला झोप येत नाही. झोप येत नाही म्हणून पुन्हा फोन, आणि घर झोपायला अकरा वाजतात. सकाळी अंगणवाडीसाठी ओढून उठवलं की ते दिवसभर किरकिरं राहतं, आणि किरकिर थांबवायला पुन्हा फोनच हातात येतो.

या फेऱ्यात नुसता मोबाइल हिसकावून घेतला तर घरात रडारड तेवढी वाढते. त्या दोन तासांत लेकरानं करायचं काय, हे आधी ठरवावं लागतं. माझ्या मते सुरुवात संध्याकाळच्या खेळापासून करावी. तो जमला की झोप बरीचशी आपोआप मागे येते.

लेकरू मुळातच वांड आहे. आमच्या वागण्यानं असा काय फरक पडणार?

स्वभावाचा वाटा असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण घराच्या सवयी आणि लेकरांच्या सवयी यांचं नातं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी अगदी साध्या आहेत.

जी लेकरं घराबाहेर जास्त वेळ असतात, ती जास्त हालचाल करतात. एवढं ठाम दिसणारं दुसरं नातं या विषयात क्वचितच सापडेल. बाहेर सोडणं-न सोडणं मात्र सर्वस्वी मोठ्यांच्या हातात असतं. आई-बाप स्वतः किती वेळ स्क्रीन बघतात, त्याची छाप लेकराच्या वेळेवर पडते. झोपायच्या खोलीत टीव्ही किंवा फोन असेल तर बघणं वाढतं आणि झोप घटते. बघण्याबद्दल काही नियम ठरलेले असतील आणि ते रोज सारखे पाळले जात असतील, तर बघणं कमी राहतं. आणि फोनचा वापर बक्षीस, शिक्षा किंवा लाच म्हणून होत असेल, तर लेकराची त्याबद्दलची ओढ वाढतेच. ‘भाकर संपव, मग मोबाइल देते’ म्हटलं की भाकर हे संकट ठरतं आणि मोबाइल हा प्रसाद.

खेळाच्या बाबतीत सांगण्यापेक्षा सोबत करणं जास्त लागू पडतं. ‘जा, खेळ जा’ असं बाजेवर लोळत रील बघणाऱ्या बापानं म्हटलं, तर लेकरू बापाशेजारी येऊन रीलच बघणार. तोच बाप पंधरा मिनिटं शिवाशिवी खेळला तर गल्लीतली आणखी चार पोरं जमतात, आणि मग त्याची गरजही उरत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. यातले बहुतेक अभ्यास दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच सांगतात. जास्त रडणाऱ्या लेकराला फोनही जास्त दिला जातो, म्हणजे परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. त्यामुळे ‘आईच्याच वळणानं बिघडलं’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचं फार मनावर घेऊ नका.

फोन लावल्याबिगर घासच घेत नाही. मग उपाशी ठेवायचं का?

निरोगी लेकरू ताटापुढं स्वतःला उपाशी ठेवत नाही. पण हा बदल करताना दोन-चार जेवणं नीट होणार नाहीत, याची तयारी ठेवा. स्क्रीनकडे डोळे असताना पोट भरलं की नाही हे लेकराला कळत नाही. आई घास कोंबत जाते, ते गिळत जातं. त्यामुळे काही लेकरं भुकेपेक्षा जास्त खातात, आणि काहींचं जेवण तासभर रेंगाळतं.

काय वाढायचं आणि कधी, हे तुम्ही ठरवा. किती खायचं ते त्याला ठरवू द्या. सगळ्यांबरोबर पंगतीत बसवा, दूधभाकर किंवा वरणभात त्याचं त्याला कालवू द्या, सांडलं तर सांडू द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला आणि पुढच्या जेवणापर्यंत बिस्किटाचा पुडा हातात देऊ नका. दुपारभर कुरकुरे आणि चहा-बिस्किटं चालू असतील तर जेवायच्या वेळी भूक लागणार कुठून? जेवण न होण्याचं कारण पुष्कळदा तिथंच सापडतं.

रडायला लागलं की फोन देतो. त्यानं शांत होतं, मग बिघडतं कुठं?

त्या वेळेपुरतं शांत होतं, हे खरं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. चिडलेल्या मुलाला शांत करायला वारंवार फोन किंवा टॅब दिला जात होता, तिथं काही महिन्यांनी मुलांचं भावनांवरचं नियंत्रण कमजोर दिसलं. मुलग्यांमध्ये आणि आधीच चंचल असलेल्या मुलांमध्ये हे जास्त ठळक होतं. राग आला, तो चढला, मग उतरला, हे लेकराला अनुभवानंच शिकायचं असतं. दर वेळी मध्येच फोन आला तर ते शिकणं राहून जातं.

एसटीत चार तासांचा प्रवास आहे, दवाखान्यात लाइन आहे, घरात मयत झाली आहे, अशा वेळी दिला फोन तर दिला. त्याचा अपराध वाटून घेऊ नका. रोजच्या रडण्यावरचा पहिला इलाज तोच होऊ नये, इतकंच.

बंद केला की जमिनीवर लोळण घेतं. आधी सांगून ठेवलं तरी तेच.

इथं एक गमतीची गोष्ट आहे. ‘दोनच मिनिटं राहिली हं’ असं आधी सांगावं, हा सल्ला सगळे देतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांत हे तपासलं, तर अशी सूचना दिल्यावर मुलं जास्तच भांडत असल्याचं दिसलं. बंद करणं सोपं गेलं ते दोन प्रसंगी: बघत असलेली गोष्ट आपोआप संपली तेव्हा, आणि बंद करणं रोजच्या क्रमाचाच भाग होतं तेव्हा.

म्हणून वेळ मिनिटांत न मोजता भागांत मोजा. ‘दोन गोष्टी बघायच्या, मग बाहेर जायचं.’ एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ती चालू असेल तर गोष्ट कधी संपतच नाही, आणि लेकरू आपल्याशी भांडतं ते म्हणूनच. दिवसातली वेळही एकच ठेवा. दुपारी उठल्यावर म्हणजे दुपारी उठल्यावरच. ‘नाही’ म्हटल्यावर दहा मिनिटं रडू दिलं आणि मग कंटाळून फोन दिला, तर दहा मिनिटं रडलं की मिळतो हे लेकरू पक्कं ध्यानात ठेवतं.

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दिवसभर टीव्ही लावून बसतात. सूनबाईनं त्यांना बोलायचं कसं?

सुनेनं बोलू नये, मुलानं आपल्या आईशी बोलावं. हा माझा साधा सल्ला, आणि घरात शांतता राहते ती यानंच.

बोलताना ‘टीव्ही बंद करा’ म्हणू नका. आजीलाही दिवसभरात तेवढाच विरंगुळा असतो. तिच्या मालिकेची वेळ तिला राहू द्या आणि त्या तासात लेकराला दुसरीकडे न्या. कोणी बघत नसताना नुसता चालू असलेला टीव्ही मात्र बंद ठेवायची बोली करा. त्या आवाजानं लेकराचं खेळणं तुटत राहतं आणि घरातल्यांचं त्याच्याशी बोलणंही कमी होतं. दुसरं म्हणजे, आजीकडून मागणी करा. ‘अंगाईशिवाय झोपत नाही, तुम्हीच झोपवा’, ‘तुमच्या लहानपणचा सागरगोट्यांचा खेळ शिकवा’. जात्यावरच्या ओव्या आणि चांदोबाच्या गोष्टी तोंडपाठ असलेली बाई घरात असताना तिला फक्त रिमोट धरायला ठेवणं हा आपलाच करंटेपणा.

एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर. बाहेर कसं सोडायचं?

सोडू नका, निदान अकरा ते पाच या वेळेत नाही. मराठवाड्याचा उन्हाळा लक्षात घेऊन दिवसच सरकवावा लागतो. सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, असे खेळाचे दोन तुकडे करा. आपल्याकडं उन्हाळी रात्री बऱ्या असतात, म्हणून लोक गच्चीवर लेकरांना दहा-अकरापर्यंत खेळू देतात. त्यात सकाळचा थंड वेळ झोपेत जातो आणि दिवसाचा सगळा जागा वेळ उन्हात, म्हणजे घरात, म्हणजे स्क्रीनपुढं.

दुपारी घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. उशांवरून उड्या, अंथरुणाच्या गुंडाळ्या ढकलत नेणं, खडूनं फरशीवर घरं आखून लंगडी, गाण्यावर नाच, बादलीभर पाण्यात तांब्या-वाट्यांचा खेळ. टँकरवर पाणी येत असेल तर बादलीचा खेळ सोडा, किंवा तेच पाणी नंतर झाडाला घाला. खेळताना तहान लागायची वाट न बघता मधून मधून पाणी पाजा. लेकरू खूप तापलं, सुस्तावलं, उलट्या झाल्या किंवा लघवी कमी झाली, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

गावात विहिरी आहेत, शेततळं आहे, उसाचे ट्रॅक्टर जातात. घरात ठेवलेलंच बरं ना?

भीती रास्त आहे, आणि शेततळ्याच्या बाबतीत तर मी म्हणेन की ती आणखी असावी. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही, मग लेकराला वर येता येणं दूरच. कुंपण घाला, आणि या वयाच्या लेकराला तिकडं एकटं कधीच जाऊ देऊ नका. उघड्या बोअरच्या तोंडाचंही तेच.

पण धोक्याच्या जागा बंद करणं वेगळं आणि लेकराला बंद करणं वेगळं. गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून पाळी लावली तर काम सोपं होतं: आज संध्याकाळी तुम्ही पारावर बसा, उद्या आम्ही. देवळासमोरचं पटांगण किंवा शाळा सुटल्यावरचं जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान, अशा जागा बहुतेक गावांत असतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये पार्किंगमध्ये गाड्या हलत नसतील अशी वेळ बघा.

गुडघे फुटतील, त्याला हळद लावा. ‘पडशील, पळू नको’ हे दिवसातून पन्नासदा ऐकणारं लेकरू हळूहळू खरंच पळायचं थांबतं.

मुलगी आहे. तिला सारखं बाहेर सोडलं तर लोक नावं ठेवतात.

चार वर्षांच्या पोरीला नावं ठेवणाऱ्या लोकांचं काय ऐकायचं! या वयातही सरासरी मुली मुलांपेक्षा कमी हालचाल करतात, हे बऱ्याच ठिकाणच्या मोजमापांत दिसतं. त्यात घरच्यांची वागणूकही येते. भावाला सायकल आणि तिला भातुकली, त्याला चड्डी आणि तिला घोळदार फ्रॉक, त्याला ‘जा’ आणि तिला ‘बस’. तिला पळता येतील असे कपडे घाला. नागपंचमीला झाडाला झोका बांधला तर तो श्रावण संपल्यावर काढू नका.

रात्री अकराशिवाय झोपतच नाही. काय करावं?

आधी उलटा हिशेब मांडा. सकाळी साडेसहाला उठायचं आहे आणि दुपारी दीड तास झोप होते. मग साडेदहा तास भरायला रात्री साडेनऊला डोळा लागला पाहिजे, म्हणजे नऊला दिवे मंद झाले पाहिजेत. अकराला झोपणारं लेकरू एका दिवसात साडेनऊवर येणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. त्याआधी सकाळी उठायची वेळ पक्की करा, रविवारीही तीच. दुपारची झोप चारनंतर लांबू देऊ नका. पाच वर्षांच्या काही लेकरांना ती लागतही नाही.

झोपेआधीचा क्रम रोज सारखाच असू द्या: हातपाय धुणं, दात घासणं, अंथरूण, गोष्ट, दिवा बंद. चौदा देशांतल्या दहा हजारांहून जास्त आयांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. आठवड्यातल्या जितक्या रात्री असा क्रम पाळला जात होता, तितकी मुलांची झोप चांगली होती. रोज जमलं नाही तरी चार रात्री एकाही रात्रीपेक्षा बऱ्या.

उजेडाचंही सांगतो. अंधार पडला की मेंदू मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक सोडतो आणि झोप येते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात, २०१८ साली, तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात ठेवलं. त्यांचं मेलॅटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं, आणि उजेड बंद केल्यावर पाऊण तास उलटला तरी बहुतेकांचं परत वर आलं नाही. तो उजेड मोबाइलपेक्षा बराच प्रखर होता, पण लेकरांचे डोळे मोठ्यांपेक्षा जास्त उजेड आत घेतात, हे लक्षात ठेवा. म्हणून झोपेआधी तासभर फोन-टीव्ही बंद आणि ट्यूबलाइटऐवजी छोटा दिवा. रात्री लाइट जाते तेव्हा लेकरं लवकर झोपतात, हे आपण पाहतोच. फक्त तेव्हा मच्छरदाणी आणि वारा यांची सोय हवी.

अपुऱ्या झोपेचं लेकरू मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट चेकाळतं. रात्री दहाला घरभर नाचणाऱ्या लेकराला ‘अजून झोपच आली नाही’ असं समजू नका.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. हे नियम आम्हाला कसे लागू होणार?

जसेच्या तसे होणार नाहीत. कोयत्यावर गेलेली आई पहाटे अंधारात उठते. लेकरू कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, थोरल्या बहिणीपाशी किंवा फडाच्या कडेला झोळीत असतं. तिथं हालचालीची वाण नसते. खरी अडचण असते झोपेची आणि जिवाच्या सुरक्षेची. लेकराला गाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या मागे-पुढे खेळू देऊ नका, आणि फडात उसाच्या ढिगाआड झोपवू नका. टोळीतल्या एखाद्या वयस्कर बाईनं लेकरांपाशी थांबायचं आणि बाकीच्यांनी तिचा वाटा भरायचा, अशी बोली निघण्याआधी मुकादमाशी करता आली तर सगळ्यात चांगलं. रात्री लेकराची झोप तुमच्याबरोबरच लवकर सुरू होऊ द्या. उतरलेल्या गावच्या अंगणवाडीत लेकराचं नाव घालता येतं, आधार किंवा गावाकडच्या नोंदीचा कागद सोबत ठेवा.

बाप चाकणला कंपनीत आहे. रोज व्हिडिओ कॉल होतो, तो पण स्क्रीनमध्ये धरायचा का?

नाही. समोर जिवाभावाचं माणूस बोलतंय, लेकरू उत्तर देतंय, ते कार्टून बघण्यासारखं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांनाही बालरोगतज्ज्ञ एवढी सूट देतात. कॉल झोपेच्या वेळेआधी होऊ द्या, आणि तो संपला की फोन लेकराच्या हातात राहू देऊ नका.

इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत गृहपाठ देतात. खेळायला वेळच उरत नाही.

तीन वर्षांच्या लेकराला पानभर एबीसीडी गिरवायला लावणं चूक आहे, आणि ते शाळेत जाऊन सांगायला हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा ठरवून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे, तेव्हा बाजू तुमची आहे. शाळेत विचारा: दिवसात मैदानावर किती वेळ सोडता, वर्गात टीव्ही लावता का, डुलकी घेऊ देता का? एक गृहपाठ राहिला म्हणून काही बुडत नाही. अंगणवाडीत सेविकाताईंनाही हेच विचारता येतं. गाणी, गोष्टी, खेळ हा पूर्वप्राथमिक शिक्षणाचा भाग १९७५ पासून अंगणवाडीच्या कामातच आहे, खिचडीपुरती ती नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

खेळायला सोडलं तरी लेकरू बसून राहतं, चार पावलांत दमतं, फिकट दिसतं, माती खातं, तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आढळली होती, त्यामुळे हे कारण शोधायला लांब जावं लागत नाही. लोह कमी असेल तर झोपही अस्वस्थ होते. आशाताई देतात ते लोहाचं सिरप नियमित पाजा, आणि जंताची गोळी चुकवू नका.

रोज रात्री मोठ्यानं घोरतं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो, तोंड उघडं ठेवून झोपतं, तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असू शकतात. घोरण्याला ‘गाढ झोप लागली’ म्हणून कौतुकानं घेऊ नका, रात्री अर्धा मिनिट व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना तो दाखवा. हाक मारल्यावर बघत नाही, नजर देत नाही, तीन वर्षांचं होऊनही दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलत नाही, तर ‘मोबाइलमुळे झालं असेल’ म्हणून वाट बघत बसू नका. अशा लेकरांना तपासायला जिल्हा रुग्णालयांत लवकर निदान आणि उपचाराची केंद्रं आहेत, आणि अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाकडूनही तिथली चिठ्ठी मिळते.